तीस रुपयांची रेघ : मुंबईच्या गिरण्या, युनियन आणि पगारातलं अंतर

१९४७ साली मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाने कापड गिरण्यांसाठी एक आकडा ठरवून दिला. महिन्याचे २६ दिवस भरले, की सगळ्यात खालच्या, बिनकसबी कामगारालाही ३० रुपये मूळ पगार मिळालाच पाहिजे. महागाई भत्ता त्याच्या वर. गिरणी परळची असो की कुर्ल्याची, मालक पारशी असो, गुजराती असो की आणखी कोणी, ३० च्या खाली जायचं नाही. आणि त्या रेघेच्या वर रिंग खात्यातल्या, म्हणजे सूत कातणाऱ्या, माणसापासून मागावरच्या विणकरापर्यंत एकेका कामाचा दर ठरलेला, सगळ्या गिरण्यांत सारखा.

युनियनमुळे पगारातली तफावत कमी होते की वाढते, या वादात दोन्ही बाजूंचे लोक आपापली उदाहरणं खिशात घेऊन येतात. मला गिरणगावाचं उदाहरण सगळ्यात कामाचं वाटतं, कारण ते दोघांनाही पुरून उरतं. युनियनने इथे अंतर मिटवलं, हे खरं आहे. ते मिटवताना तिने एक कुंपण घातलं आणि त्या कुंपणापाशी नवं अंतर तयार झालं, हेही तितकंच खरं. शंभरेक वर्षांचा हा हिशेब नीट लावायचा तर ३० रुपयांच्या आधीपासून सुरुवात करायला हवी.

दर ठरण्याआधी

पहिल्या महायुद्धानंतरच्या गिरण्यांत 'विणकराला किती मिळतं?' या प्रश्नाला एक उत्तर नव्हतं. कोणत्या गिरणीत, कोणत्या कापडावर, किती मागांवर, हे आधी विचारावं लागे. विणकराला अंगावर काम, म्हणजे जितकं कापड तितके पैसे, आणि तो दर गिरणीगणिक वेगळा. त्यातून खराब मालाचा दंड वजा. कामावर लावून देणाऱ्या जॉबरची दस्तुरी, म्हणजे दलाली, वेगळी. शेजारी राहणारे, एकाच गावचे, एकाच खानावळीत जेवणारे दोन विणकर महिन्याअखेर वेगवेगळी रक्कम घरी आणत आणि त्याचं कारण दोघांनाही धड सांगता येत नसे.

खात्याखात्यांतलं अंतर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. दोन माग सांभाळणारा विणकर हा गिरणीतला मानाचा गडी. रिंग खात्यात कमाई बरीच कमी. वायंडिंग आणि रीलिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत, बायका, त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई जॉबर, आणि मजुरी सुताच्या वजनावर. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत दर पाचांमागे एक तरी बाई होती, पण ती बहुतेक याच एक-दोन खात्यांत.

शिवाय जातीची भिंत होती. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन. त्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं, अशी तेव्हाची रीत. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार, म्हणून सवर्ण विणकरांना विणाई खात्यात अस्पृश्य कामगार नको असत. परिणाम असा, की दलित कामगार रिंग खात्यात आणि तसल्याच कमी पगाराच्या कामांत अडकून पडले. त्या काळातल्या पगाराच्या तक्त्यात 'विणाई' आणि 'रिंग' अशा दोन ओळी दिसतात. त्या ओळींमधलं अंतर कसबाचं असेल असं वाचणाऱ्याला सहज वाटतं. त्यातला काही हिस्सा कसबाचा होताही. उरलेला धोट्याच्या भोकात होता.

१९२८ : सारखेपणा कुणाच्या मापाने?

१९२८ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मली आणि वर्ष संपता संपता तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही नावं गिरणगावात घरोघरी झाली, आणि त्यांच्या बरोबरीने आळवे आणि कासले यांची.

या संपातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सगळ्या गिरण्यांत एकाच कामाला एकच दर असावा, हे मालक संघटनेलाही हवं होतं. तिने तशी यादी तयारही केली होती. भांडण सारखेपणावर नव्हतंच, तो कोणत्या पातळीवर आणायचा यावर होतं. मालकांच्या यादीत विणकरांच्या दरात साडेसात टक्के कपात होती. भरीला काही गिरण्यांत विणकराला दोनाऐवजी तीन माग द्यायचा घाट होता. म्हणजे अंतर कमी झालंच असतं, पण वरच्याला खाली ओढून. 'युनियन समानता आणते' असं नुसतं म्हणून भागत नाही ते यासाठी. समानता मालकही आणू शकतो. तो ती स्वस्तात आणतो. खालच्याला वर उचलून अंतर मिटवायचं तर मागे कुणीतरी जोर लावणारं लागतं.

डॉ. आंबेडकरांनी याच वेळी संपाच्या नेत्यांपुढे विणाई खात्याचा प्रश्न ठेवला. तिथे अस्पृश्यांना काम मिळण्याचा हक्क मागण्यांत घाला, असा त्यांचा आग्रह होता. नेत्यांनी तो नाखुशीने मान्य केला. आजही कुठल्याही युनियनच्या मागणीपत्रकाकडे बघताना मला ही जागा आठवते. कामाचा दर मागणं सोपं असतं, कारण त्यात सगळ्या सभासदांचा फायदा असतो. कामाचं दार उघडायला सांगणं अवघड, कारण दाराच्या आत आपलेच सभासद उभे असतात.

पुढच्या वर्षी काय झालं ते पाहिलं की युनियनचं वजन कळतं. मार्च १९२९ मध्ये कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी पुढारी उचलले गेले, त्याच वर्षीचा दुसरा मोठा संप फसला, आणि युनियन मोडकळीला आली. नंतर मंदी आली. मालकांनी पगार कापले, पण एकत्र नाहीत. ज्याने त्याने आपापल्या गिरणीत, आपल्याला जमेल तितके कापले. सारखेपणाची चर्चा करणारी मालक संघटना तीच, गिरण्या त्याच, पण पुन्हा गिरणीगणिक पगार वेगळा. १९३४ चा संप पेटला तो या कपातींच्या विरोधात.

भत्त्याचं गणित

१९३७ साली आलेल्या काँग्रेस सरकारने चौकशी समिती नेमली, अंतरिम वाढ मिळाली, मग महायुद्ध आलं आणि महागाई भत्ता सुरू झाला. १९४५ मध्ये काँग्रेसच्या बाजूचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ स्थापन झाला. १९४६ मध्ये मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला, गिरणगावात ज्याला सगळे 'बीआयआर' म्हणत. त्यानंतर ३० रुपयांचा निवाडा आला.

या निवाड्याने गिरणी-गिरणीतला फरक तर मिटवलाच. खात्याखात्यांतलं अंतर आक्रसलं ते मात्र त्याहून गुपचूप, पगारपत्रकाच्या दुसऱ्या ओळीत. मुंबईच्या गिरण्यांत महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडलेला होता आणि तो मूळ पगाराच्या टक्क्यांत नव्हता. झाडूवाल्याला जितका, तितकाच विणकराला.

समजायला सोपं जावं म्हणून कल्पनेतले आकडे घेऊ. एकाचा मूळ पगार ३० आणि दुसऱ्याचा ६०. अंतर दुप्पट. आता दोघांना ९० रुपये भत्ता द्या. एकाच्या हातात १२०, दुसऱ्याच्या १५०. अंतर सव्वापटीवर आलं. महागाई आणखी वाढली, भत्ता २७० झाला, की ३०० आणि ३३०. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी ठराव केला नाही, तरी दुपटीचा फरक एक दशांशावर आला. निर्देशांक जसा चढत गेला तसा भत्ता हाच पगाराचा मोठा हिस्सा झाला आणि मूळ पगार उरला नावापुरता.

खालच्या कामगाराला याचा फायदा झाला हे कुणी नाकारू नये. महागाईचा पहिला घाव त्याच्यावर बसला असता, तो भत्त्याने झेलला. पण विणकराची कुरकुरही खोटी नव्हती. दहा वर्षं हात बसवायला घालवली, आणि नवख्या पोराच्या पाकिटात जवळपास तेवढेच पैसे. कसबाचा भाव कोणी ठरवून पाडला नव्हता. तो महागाईने परस्पर पाडला.

आणि धोट्याची भिंत? एकाच कामाला एकच दर, हा निवाडा विणाई खात्यातल्या सगळ्यांना सारखा लागू झाला. जे विणाई खात्यात शिरलेच नव्हते त्यांना तो दर कागदावर दिसत राहिला. बायकांचं याहून वाईट झालं. दर ठरले, बाळंतपणाची रजा मिळाली, रात्रपाळीला बंदी आली, आणि यंत्रं बदलली तशी वायंडिंग-रीलिंगमधली त्यांची कामं घटत गेली. ऐंशीच्या दशकापर्यंत गिरण्यांत बाई शोधावी लागे. पुरुष आणि बाई यांच्या पगारातलं अंतर गिरणीच्या आत कमी झालं खरं, पण त्याचं एक कारण असं, की ज्यांचा पगार कमी होता त्यांना गिरणीतच जागा उरली नाही. सरासरी काढणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. घरी पाठवलेली बाई सरासरीत धरली जात नाही.

फाटकावरचा माणूस

आता बदलीकडे, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरत्या घेतलेल्या कामगाराकडे, येऊ, कारण गिरणगावच्या पगाराच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त बोचतो तो बदली.

पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी खात्याच्या दाराशी एक घोळका उभा असे. हातात बदलीचं कार्ड, पिशवीत डबा. आत कायम कामगारांची हजेरी चाललेली. कुणी आजारी, कुणी गावी गेलेला, कुणी रात्री भजनाला बसून उठलाच नाही, की त्याच्या जागेवर घोळक्यातलं एक नाव पुकारलं जाई. उरलेले डबा तसाच घेऊन परत. काही जण दुपारपाळीला पुन्हा येत. कायम कामगाराच्या गैरहजेरीवर बदलीचं घर चाले, आणि लग्नसराईत किंवा शिमग्याला कोकणची गाडी भरून गेली की बदलीला बरे दिवस येत.

बदलीला त्या दिवसाचा दर पूर्ण मिळे. हे ध्यानात घ्यायला हवं, कारण कागदावर अन्याय दिसत नाही. त्याच मागावर, तोच दर, तोच भत्ता. फरक होता तो दिवसांचा. कायम माणूस महिन्याचे २६ दिवस भरी. बदलीचे दहा भरतील की वीस, हे दुसऱ्याच्या तापावर अवलंबून. शिवाय कायमपणाबरोबर येणाऱ्या सवलती आणि सुरक्षितता नाही. बदली म्हणून अनेकांची वर्षंच्या वर्षं गेली.

बदलींची यादी ठेवायची ही पद्धत मुळात मालकांनीच आणली होती. १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची योजना आली तेव्हा हेतू बरा सांगितला गेला: रोज फाटकावर होणारी गर्दी कमी व्हावी, जॉबरच्या मर्जीला चाप बसावा. मालकाला ती पुढेही सोयीची राहिली. कायम माणूस जसजसा महाग होत गेला, तसतशी हाताशी बदली ठेवण्यातली बचत वाढत गेली. इथे माझं मत सांगतो: दर वाढवून घेणारी युनियन जर कायम किती आणि बदली किती यावर हात ठेवत नसेल, तर ती आपल्याच मागे एक स्वस्त रांग उभी करत असते. ती तसं ठरवून करत नाही. पण रांग उभी राहतेच.

दुसरीकडे ठाणे-बेलापूर

गिरणीतलं अंतर आक्रसत असताना गिरणी आणि बाकीच्या मुंबईतलं अंतर फाकत होतं. १९४७ मध्ये गिरणी कामगार शहरातल्या बऱ्यापैकी पगारदारांत गणला जाई. सत्तरचं दशक संपताना तो इंजिनिअरिंग, रसायनं, औषधं या कारखान्यांतल्या कामगारांच्या खूप मागे पडला होता. लालबागच्या चाळीतला थोरला भाऊ गिरणीत आणि धाकटा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात, असं घर त्या काळात नवलाचं नव्हतं. धाकट्याचं पाकीट जाड होतं.

दोघांनाही युनियन होती. मग असं का? उत्तर युनियन कुठे बसून बोलते यात आहे. धाकट्याच्या कारखान्यात एका कंपनीपुरतं बोलणं चाले. कंपनी नफ्यात असली की तिथेच पिळता येई. डॉ. दत्ता सामंत, मूळचे घाटकोपरचे डॉक्टर, खाणकामगारांपासून सुरुवात करून इथेच मोठे झाले. कंपनीचा ताळेबंद बघण्यात त्यांना रस नव्हता. किती वाढ हवी ते सांगायचं आणि मिळेपर्यंत बसून राहायचं. त्यांच्या करारांनी त्या त्या कारखान्यात पगार झपाट्याने वर गेले.

गिरणीत मात्र सगळ्या धंद्याचा एक दर. एक दर म्हणजे सगळ्यात कमजोर गिरणीलाही झेपेल असा दर. नफ्यातल्या गिरणीला याहून जास्त देणं जमलं असतं, पण तिच्याकडे मागणार कोण? बीआयआर कायद्याखाली एकाच प्रातिनिधिक संघाला बोलायचा अधिकार. तो अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगाराला संघ पसंत नसला तरी दुसऱ्या युनियनशी बोलायला मालक बांधील नव्हता आणि तिचा संप बेकायदा. या कायद्याच्या पूर्वजाविरुद्ध, १९३८ च्या औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध, आंबेडकर आणि कम्युनिस्ट ७ नोव्हेंबर १९३८ ला एकत्र रस्त्यावर उतरले होते. ती युती पुन्हा फारशी दिसली नाही.

म्हणजे ज्या यंत्रणेने गिरण्यांमधलं अंतर मिटवलं, तिनेच त्या सगळ्यांना मिळून एका जागी बांधून ठेवलं. मला यात कुणाचा डाव दिसत नाही. एका दराची ही किंमत आहे आणि ती १९४७ मध्ये कुणाला दिसण्यासारखी नव्हती.

१९८१ ची दिवाळी

ठिणगी पडली ती बोनसवर, आणि हे मला अगदी जुळून आल्यासारखं वाटतं. सगळ्या पगारात बोनस हाच एक भाग गिरणीगणिक वेगळा होता. १९८१ च्या दिवाळीला संघाने केलेल्या करारात काही गिरण्यांना ८.३३ टक्के, तर काहींना १७.३३ टक्क्यांपर्यंत. अपेक्षा २० टक्क्यांची होती. चौतीस वर्षं 'सगळ्यांना सारखं' ऐकलेल्या कामगाराला शेजारच्या गिरणीचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला. स्टँडर्ड मिलचे कामगार थेट घाटकोपरला सामंतांच्या कार्यालयावर गेले. कापड धंदा हा त्यांचा प्रांत नव्हता आणि आधी ते राजी नव्हते, असं सांगतात. कामगार हलले नाहीत.

१८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार आणि पन्नासहून अधिक गिरण्या बंद. मागण्या वाचताना वर सांगितलेली तिन्ही अंतरं एकापाठोपाठ समोर येतात. भरघोस पगारवाढ, म्हणजे धाकट्या भावाच्या पाकिटाशी बरोबरी. बदलींना कायम करा. बीआयआर कायदा रद्द करा. पहिली मागणी पैशाची होती आणि तिच्यावर काहीतरी तडजोड निघू शकली असती. तिसरीवर सरकार हललं नाही. एक कायदा मोडला तर उद्या सामंत शहरातल्या कोणत्याही धंद्यात शिरतील, ही भीती मंत्रालयात होती आणि दिल्लीतही.

संप कोणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही. लोक कोकणात, सातारा-सांगली-कोल्हापुरात आपापल्या गावी गेले. काही महिन्यांनी थोडे परतले, बरेच परतलेच नाहीत. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. लाखाहून अधिक लोकांची नोकरी गेली. फाटकं उघडली तेव्हा मालकाला माणसं निवडून घ्यायची मुभा होती, आणि यादीत सगळ्यात खाली कोण होतं ते सांगायला नको.

भिवंडी

संप चालू असताना बाजारात कापड कमी पडलं नाही. गिरण्यांची नावं असलेलं कापडही दुकानांत दिसत होतं. ते भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं. हा बदल संपाने सुरू केला नाही. यंत्रमाग आधीपासून वाढत होते, कारण तिथे ना ३० रुपयांची रेघ होती ना निर्देशांकाचा भत्ता. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, बहुतेक ठिकाणी ना फंड ना विमा. संपाने फक्त मालकांना दाखवून दिलं, की गिरणी बंद ठेवूनही धंदा चालतो.

गिरणगावातले दर एकमेकांच्या जवळ आणायला पन्नास वर्षं गेली होती. गिरणीचं फाटक आणि भिवंडीचा पत्र्याचा शेड यांच्यात तासा-दीड तासाचं अंतर, आणि त्या अंतराच्या दोन टोकांना एकाच कापडाचे दोन भाव. गिरणीतला दर जितका चढला, तितकं ते अंतर कापण्याचं आमिष वाढलं. भिवंडीत युनियन नव्हती असं नाही, पण हजारो छोट्या मालकांच्या शेडमध्ये विखुरलेल्या, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या आणि कधीही गाव गाठू शकणाऱ्या माणसांना बांधणं गिरणीइतकं सोपं नव्हतं. लालबाग-परळच्या पुढाऱ्यांनी ते करून पाहायचा मनापासून प्रयत्न कधी केला असंही मला दिसत नाही. आपले सभासद फाटकाच्या आत होते.

१९८२ च्या उन्हाळ्यात संपकऱ्यांपैकी काही विणकर स्वतःच भिवंडीला कामाला गेले. घरात चूल पेटवायची होती, आणि हाताला येत होतं ते विणणंच. डिसेंबरपर्यंत ज्या हाताला एका गिरणीत ठरलेला दर, भत्ता, रजा आणि फंड मिळत होता, त्याच हाताला जूनमध्ये दुसऱ्या मागावर मीटरमागे पैसे मोजून मिळू लागले. कापड पुष्कळदा त्याच गिरणीच्या नावाचं होतं.